धावत्या डब्यातली बंदूक कोणाला जाब देते?

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई सेंट्रल सुपरफास्ट एक्स्प्रेस पालघर मागे टाकून मुंबईकडे येत होती. प्रवाशांच्या संरक्षणासाठी गाडीत रेल्वे सुरक्षा दलाचे पथक होते. त्याच पथकातल्या एका जवानाच्या रायफलीच्या गोळ्यांनी त्याचा वरिष्ठ असलेला सहायक उपनिरीक्षक आणि तीन प्रवासी ठार झाले. तिघेही प्रवासी मुसलमान होते. ते एका डब्यात, एका बाकावर बसलेले नव्हते. मारेकरी गाडीतून चालत गेला आणि ते त्याला वेगवेगळ्या ठिकाणी सापडले. प्रेताशेजारी उभे राहून तो जे बोलला, ते प्रवाशांच्या मोबाइलवर चित्रित झाले आणि देशाने पाहिले. आरोपीला अटक झाली, सेवेतून बडतर्फ करण्यात आले, खुनाचे आणि धर्माच्या नावाने वैर पसरवण्याचे कलम लागले. त्याच्या अपराधाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, या लेखाचे नव्हे.

या लेखाचा प्रश्न वेगळा आहे. ती रायफल त्या डब्यात कोणत्या नियमाने आली होती? ती कधी उचलायची, कोणावर रोखायची, ज्याची प्रकृती ठीक नाही त्याच्या हातून ती कोणी काढून घ्यायची, हे कुठे लिहिलेले आहे? आणि लिहिलेले असेल तर ज्या प्रवाशाच्या छातीसमोर ती असते त्या प्रवाशाला ते वाचायला मिळते का?

घटना घडल्यावर आपल्याकडे दोन शब्दांत सगळे आटोपले. एका बाजूने शब्द आला 'माथेफिरू'. दुसऱ्या बाजूने शब्द आला 'फाशी'. पहिल्या शब्दाने शासन मोकळे झाले, कारण माथेफिरूची जबाबदारी कोणावर टाकणार? दुसऱ्या शब्दाने आपण मोकळे झालो, कारण फाशीची मागणी केली की संताप व्यक्त केल्याचे समाधान मिळते. आपल्या सभा झाल्या, निवेदने दिली गेली, मयतांच्या घरच्यांसाठी भरपाई मागितली गेली. हे सारे योग्यच होते. पण बळ वापरण्याचे नियम बदला, ते लोकांसमोर मांडा, त्यांच्यावर बाहेरचा पहारा बसवा, ही मागणी किती निवेदनांत होती? एक जवान गजाआड गेला म्हणून व्यवस्था बदलत नाही. त्याच मार्गावर दुसऱ्या दिवशीही गाडी धावली, दुसरे पथक चढले, रायफली चढल्या.

रस्त्यावरचा पोलीस आणि गाडीतला पोलीस यांत एक मूलभूत फरक आहे. रस्त्यावर माणूस पळू शकतो, गल्लीत शिरू शकतो, एखाद्या दुकानाचे दार ठोठावू शकतो. धावत्या गाडीत पळायला जागा नसते. दार आहे, पण दाराबाहेर मृत्यू आहे. आजूबाजूला झोपलेली मुले आहेत, वरच्या बर्थवर म्हातारी माणसे आहेत. एक गोळी सुटली तर ती कोणाला लागेल याचा हिशोब करता येत नाही. कोणते पोलीस ठाणे जवळ आहे हेही प्रवाशाला ठाऊक नसते, कारण दर काही मिनिटांनी हद्द बदलते. म्हणूनच रस्त्यावर जेवढे नियम लागतात, त्याहून अधिक काटेकोर नियम गाडीत आणि फलाटावर लागायला हवेत. आपल्याकडे नेमके उलटे आहे. जिथे नियम सर्वांत कडक हवेत, तिथे पहारा सर्वांत सैल आहे.

हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. रेल्वेची मालमत्ता राखण्यासाठी पूर्वी 'वॉच अँड वॉर्ड' नावाची व्यवस्था होती. १९५७ च्या कायद्याने तिचे रेल्वे सुरक्षा दल झाले. काम तेच: मालडबे, गोदामे, रूळ सांभाळायचे. १९८५ च्या दुरुस्तीने हे दल 'संघराज्याचे सशस्त्र दल' ठरले. २००३ मध्ये आणखी दुरुस्त्या झाल्या, त्या २००४ पासून अमलात आल्या आणि प्रवाशांचे संरक्षण हेही या दलाचे काम झाले. म्हणजे जे दल मुळात मालावर लक्ष ठेवण्यासाठी जन्मले, त्याच्या हाती माणसे सोपवली गेली. माल आणि माणूस यांत फरक असतो. मालाला अपमान वाटत नाही, मालाला दाढी नसते, माल तक्रार करीत नाही.

आता तक्रारीचेच बघू. रेल्वेत गणवेश एक नसतो. गुन्हा नोंदवणारे लोहमार्ग पोलीस राज्य सरकारचे. सुरक्षा दल केंद्राचे, तेही गृह खात्याचे नव्हे, रेल्वे खात्याचे. मुंबईच्या स्थानकांवर महाराष्ट्र सुरक्षा दलाचे जवान असतात, रात्री महिलांच्या डब्यात होमगार्ड असतो. काठी कोणाच्या हातची लागली, हे ओळखण्याइतका वेळ मार खाणाऱ्याला मिळत नाही. समजा, त्याने ओळखले. काठी लोहमार्ग पोलिसाची असेल तर निदान एक दार आहे. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितले आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून तशी तरतूद केली. तिच्या उणिवा अनेक असतील, पण दार आहे.

काठी रेल्वे सुरक्षा दलाची असेल तर काय? राज्याच्या प्राधिकरणाकडे जाता येत नाही, कारण दल केंद्राचे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येत नाही, कारण त्याची कक्षा राज्य आणि समवर्ती सूचीतल्या विषयांपुरती. उरला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग. पण १९९३ च्या त्या कायद्यात 'सशस्त्र दले' या शब्दात भूदल, नौदल, हवाई दलाबरोबर संघराज्याची इतर सशस्त्र दलेही मोडतात, आणि कलम १९ नुसार अशा दलांविरुद्धच्या तक्रारीत आयोगाला स्वतः चौकशी करता येत नाही. केंद्र सरकारकडून अहवाल मागवायचा आणि शिफारस करायची, एवढेच. हे कलम सीमेवर लढणाऱ्या सैन्याचा विचार करून घातले असेल, हे समजू शकते. पण बोरिवलीच्या फलाटावर फेरीवाल्याची टोपली उचलणारा जवान कोणत्या सीमेवर लढत असतो?

मग प्रवाशाच्या हाती राहतो १३९ हा मदत क्रमांक. डब्यात पाणी नाही, चादर मळकी आहे, शेजारी दारू पितो आहे आणि जवानाने मारले, या सगळ्यांसाठी क्रमांक एकच! आणि सुरक्षेची तक्रार शेवटी जाते कोणाकडे? ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याच दलाकडे. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपले पूर्वज विचारीत. इथे तर शेताला सांगितले जाते की तुझी तक्रार कुंपणाकडेच नोंदव.

कायद्यात काहीच नाही, असे मी म्हणत नाही. अटक करताना आवश्यक ती सर्व साधने वापरता येतील, परंतु ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेण्याचा हक्क यातून मिळत नाही, हे वाक्य इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी संहितेत होते, १९७३ च्या संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्येही आहे. शतक उलटले, राज्य बदलले, संहितेचे नाव बदलले. वाक्य तेच राहिले. 'आवश्यक' म्हणजे किती, हे ठरवायचे कोणी? आधी समजावायचे, मग इशारा द्यायचा, मग कमीत कमी बळ वापरायचे, अशी पायरी कायद्याने बांधून दिलेली नाही. ती पायरी बांधणे म्हणजेच बळाच्या वापराचे धोरण.

१९९० मध्ये हवाना येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने बळ आणि बंदुकीच्या वापराची मूलतत्त्वे मान्य केली. ती अवघड नाहीत. बळापूर्वी अहिंसक उपाय करा. जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हाच बंदूक वापरा. वापरण्यापूर्वी आपली ओळख द्या, इशारा द्या. जखमीला ताबडतोब औषधोपचार मिळवून द्या, नातेवाइकांना कळवा. प्रत्येक वापराचा अहवाल लिहा. शस्त्र कोणाला दिले, कसे ठेवले, कसे परत घेतले, याचे नियम करा. आणि शस्त्र बाळगणाऱ्याची मानसिक व शारीरिक पात्रता वेळोवेळी तपासत राहा.

हे शेवटचे तत्त्व त्या पहाटेला लावून पाहा. सहकारी जवानाच्या फिर्यादीनुसार आरोपीने आपल्याला बरे वाटत नाही, वाटेत उतरायचे आहे, असे सांगितले होते. मुंबई यायला थोडाच वेळ आहे, विश्रांती घे, असे त्याला सांगण्यात आले. त्यानंतर रायफलीवरून सहकाऱ्याशी झटापटही झाली. तरीही थोड्या वेळाने भरलेली रायफल त्याच्या हाती होतीच. ज्या वरिष्ठाने त्याला समजावले तोच आधी मारला गेला. त्या वरिष्ठाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याच्या हाती एखादा पक्का नियम असता, की जवान आजारी असल्याचे सांगतो त्या क्षणी त्याचे शस्त्र जमा करून घ्यायचे, पुढच्या स्थानकावर त्याला उतरवायचे आणि यासाठी कोणाची परवानगी मागायची नाही, तर कदाचित त्याच्यासह चार जीव वाचले असते. नियम हा प्रवाशासाठी असतो तसा जवानासाठीही असतो, हे आपण विसरतो.

यावर लगेच उत्तर येते: २६ नोव्हेंबर २००८ विसरलात काय? नाही विसरलो. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेक्यांनी पन्नासहून अधिक माणसे मारली तेव्हा मरणाऱ्यांत मुसलमानही होते. स्वयंचलित शस्त्रांसमोर जुन्या रायफली घेतलेले पोलीस उभे होते. म्हणून शस्त्रे बदलली पाहिजेत हे सर्वांनी मान्य केले. त्याआधी ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, दीडशेहून अधिक प्रवासी मेले. त्यानंतर दाढी, टोपी आणि बुरखा पाहून पिशवी उघडायला लावण्याचा अनुभव आपल्यापैकी कितीजणांनी घेतला, हे इथे सांगायची गरज नाही. त्या स्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या १२ जणांना २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, एवढी स्थगिती त्या न्यायालयाने दिली. एकोणीस वर्षांनी आलेला हा निकाल काय शिकवतो? संशय म्हणजे पुरावा नव्हे. मग फलाटावर तीन सेकंदांत आलेल्या संशयावर बंदूक कशी उचलता येईल? मोठे शस्त्र दिले तर मोठा नियम द्यायला हवा. आपण शस्त्र नवे दिले आणि नियम जुनाच ठेवला.

असा संशय किती महाग पडतो हे लंडनने पाहिले आहे. ७ जुलै २००५ च्या स्फोटांनंतर दोन आठवड्यांनी, २२ जुलैला, स्टॉकवेल भुयारी स्थानकात पोलिसांनी गाडीत बसलेल्या २७ वर्षांच्या ब्राझिलियन वीजतंत्र्याच्या डोक्यात सात गोळ्या घातल्या. आत्मघाती हल्लेखोर समजून! त्याचा गुन्हा एवढाच की तो ज्या इमारतीत राहत होता तिचा पत्ता एका संशयिताशी जोडलेला होता. तो मुसलमान नव्हता. संशयाची बंदूक एकदा मोकाट सुटली की ती धर्माची खात्री करून घेत नाही. त्याने जाड कोट घातला होता, तिकीटदारावरून उडी मारली, असे सुरुवातीला पसरले. दोन्ही खोटे निघाले. आत्मघाती हल्लेखोराविषयीचे पोलिसांचे धोरण तोवर जनतेला ठाऊकही नव्हते. एकाही पोलिसावर खुनाचा खटला चालला नाही. २००७ मध्ये लंडन पोलीस दलाला दंड झाला, तोही कामाच्या जागी सुरक्षितता राखण्याच्या कायद्याखाली. गुपचूप ठरवलेल्या धोरणाची परिणती अशी होते.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडच्या परिसरात बार्ट नावाची लोकल रेल्वे आहे, तिचे स्वतःचे पोलीस आहेत. १ जानेवारी २००९ च्या पहाटे फ्रूटवेल स्थानकाच्या फलाटावर पालथ्या पाडलेल्या २२ वर्षांच्या एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाच्या पाठीत तिथल्या पोलिसाने गोळी घातली. विजेचा झटका देणारे हत्यार समजून पिस्तूल ओढले, असा त्याचा बचाव होता. प्रवाशांनी मोबाइलवर ते चित्रित केले होते. २०१० मध्ये त्याला सदोष मनुष्यवधाच्या सौम्य कलमाखाली दोन वर्षांची शिक्षा झाली. लोक चिडले, रस्त्यावर आले. पण ते तिथे थांबले नाहीत. या एका पोलिसापुरते बोलू नका, या दलावर देखरेख कोण करतो ते सांगा, असे ते म्हणाले. २०१० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि बार्ट पोलिसांवर स्वतंत्र लेखापरीक्षक व नागरिकांची समिती आली. सारे सुरळीत झाले असे मुळीच नाही. २०११ मध्ये निदर्शने होऊ नयेत म्हणून याच संस्थेने स्थानकांतली मोबाइल सेवा बंद पाडली. गोळीबाराआधी दुसऱ्या एका पोलिसाच्या दांडगाईने प्रकरण चिघळले, असे सांगणारा चौकशी अहवाल दहा वर्षे बंद राहिला आणि २०१९ मध्ये नव्या कायद्यामुळे खुला झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने प्राणघातक बळ 'आवश्यक' असेल तेव्हाच वापरता येईल, असा कायदा केला. दहा वर्षे लागली, पण प्रत्येक पायरीवर लोकांनी नियम मागितला.

आपल्याकडे काय मागायचे? मागण्या सोप्या आहेत. एक, रेल्वे सुरक्षा दल, लोहमार्ग पोलीस आणि स्थानकावरच्या इतर सर्व गणवेशांसाठी बळाच्या वापराचे एकच लेखी धोरण करा आणि ते मराठी, हिंदी, उर्दूसह प्रवाशांच्या भाषांत प्रत्येक स्थानकावर लावा. तिकीट नसल्याचा दंड फलाटावर लिहिलेला असतो. काठी कधी उगारता येते हेही लिहिलेले असू द्या. दोन, भरगच्च प्रवासी डब्यात स्वयंचलित रायफलीची खरोखर गरज आहे का, याचा फेरविचार करा. तीन, शस्त्र हाती देण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने मनःस्वास्थ्याची तपासणी करा, आणि आजार सांगणाऱ्या जवानाची नोकरी जाणार नाही याची हमी द्या, नाही तर तो आजार लपवणारच. चार, रेल्वे सुरक्षा दलाविरुद्धच्या तक्रारींसाठी दलाबाहेरचे प्राधिकरण नेमा आणि मानवी हक्क कायद्याच्या कलम १९ मधून या दलाला वगळा. पाच, बळाच्या प्रत्येक वापराची नोंद ठेवा आणि ती दरवर्षी प्रसिद्ध करा. सहा, छातीवर नाव स्पष्ट असू द्या. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हे सांगितले आहे. नव्याने मागायचेही कारण नाही.

यातली एकही मागणी केवळ मुसलमानांची नाही. फलाटावर काठी कोण खातो? भाजी आणि चणे विकणारी बाई, मालडब्याच्या दाराशी बसलेला बिहारी मजूर, टाळी वाजवत फिरणारा तृतीयपंथी, पालघर-डहाणूचा आदिवासी. आपल्या दुःखाला त्यांच्या दुःखाशी जोडून घेतले तरच ही मागणी मोठी होईल. एकट्या मोहल्ल्याची मागणी मोहल्ल्यातच विरते.

काही मंडळी म्हणतील, कायद्याने काय होते, मने बदलली पाहिजेत. मने बदललीच पाहिजेत. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई गाडीत जळगाव जिल्ह्यातल्या एका वृद्ध मुसलमानाला डब्यातल्या पिशवीतल्या मांसावरून तरुणांनी मारहाण केली. आरोपींपैकी काही पोलीस भरतीच्या परीक्षेला निघाले होते, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले. उद्या त्यांच्याच वयाची मुले गणवेश घालतील. त्यांची मने कधी बदलतील ते मला ठाऊक नाही. म्हणूनच तर नियम हवा! माझ्याविषयी ज्याच्या मनात द्वेष आहे त्याचे मन माझ्या ताब्यात नाही, पण त्याच्या हातातल्या बंदुकीचा हिशोब मागण्याचा हक्क मला संविधानाने दिला आहे. अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क फलाटावर पाय ठेवल्यावर संपत नाही.

आणि हा हिशोब मागायला आपल्यापाशी साधनही आहे. माहिती अधिकार कायद्यातून सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल यांना वगळले आहे. रेल्वे सुरक्षा दलाचे नाव त्या अनुसूचीत नाही. आपल्या समाजात आता वकील आहेत, पत्रकार आहेत, कायदा शिकणाऱ्या मुली आहेत. इज्तेमा आणि इफ्तारसाठी हजारो माणसे जमवणाऱ्या संघटना आहेत. यांतल्या दहा जणांनी दहा अर्ज करावेत. किती जवानांची तपासणी झाली? किती तक्रारी आल्या, कितींचा निकाल लागला? गोळीबारानंतर कोणते नियम बदलले, त्यांची प्रत द्या. उत्तर आले तर ते छापावे. नाही आले तर अपील करावे. हे काम जलशाइतके भारदस्त दिसत नाही, त्यात भाषण करता येत नाही. पण इन्साफ नुसता मागून मिळत नाही, त्याचा पाठपुरावा करावा लागतो.

त्या पहाटे तीन मुसलमान घरी पोहोचले नाहीत, एक अंमलदारही घरी पोहोचला नाही. त्यांच्या नावाने आपण फातेहा वाचली, श्रद्धांजली वाहिली. आता त्यांच्या नावाने एक नियम लिहून घेऊ या.